तालीम की रिहर्सल?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधीची गोष्ट. महाविद्यालयाच्या सूचना फलकावर एक साधी सूचना लागली होती : 'नाटकाची तालीम दुपारी ४ वाजता.' दुसऱ्या दिवशी पाहतो तो कोणीतरी 'तालीम' हा शब्द खोडून वर ठळक अक्षरांत 'रिहर्सल' असे लिहिलेले. तिसऱ्या दिवशी 'रिहर्सल'वरही काट बसली आणि तेथे 'पूर्वाभ्यास' हा शब्द आला. पहिली दुरुस्ती कोणाची हे मला ठाऊक नाही. दुसरी मात्र माझी. गुन्हा कबूल करून टाकलेला बरा.

त्या दिवसांत माझ्या अंगात मराठीचा अभिमान संचारला होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून परक्या शब्दांना हाकलून देणे हे आपले कर्तव्यच आहे अशी माझी समजूत झाली होती. 'रिहर्सल' इंग्रजी म्हणून नको आणि 'तालीम' अरबी म्हणून नको. राहता राहिला संस्कृतचा 'पूर्वाभ्यास'. तो शब्द उच्चारताना आमच्या नटांची जीभ अडखळत होती, पण तिकडे मी दुर्लक्ष केले.

चौथ्या दिवशी दुपारी याच शब्दावरून मुलांमध्ये वादावादी सुरू झाली. कोणी हसत होते, कोणी ओरडत होते. वेळ चालला होता. मी व्यवस्थापक या नात्याने टेबलावर हात आपटून म्हणालो, "अरे, काय तमाशा लावलाय हा!" सगळे गप्प झाले. आमच्या वगाला ढोलकीची साथ करणारा मित्र मात्र उठला, ढोलकी भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेला. मी मागे गेलो. तो एवढेच म्हणाला, "तुझ्यासाठी ती शिवी आहे. आमच्या घरात त्या शब्दावर चूल पेटलेली आहे." त्याचे आजोबा तीस वर्षे एका फडात ढोलकी वाजवीत होते, हे मला त्या दिवशी कळले. तीन वर्षे एका बाकावर बसून कळले नव्हते, कारण त्याने ते कधी सांगितलेच नव्हते.

त्या प्रसंगाने मी वरमलो आणि शब्दकोश काढून बसलो. जे हाती लागले, ते आणि त्यावरून बनलेले माझे मत वाचकांपुढे ठेवतो.

पहिले आश्चर्य 'रिहर्सल'चेच. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये 'एर्स' म्हणजे ढेकळे फोडण्यासाठी रानात फिरवायचे दातेरी अवजार, आपल्या वखराचा भाऊबंद म्हणा ना. एकदा फिरवून झालेल्या रानातून ते पुन्हा फिरवायचे, या क्रियेवरून 'पुन्हापुन्हा तेच करणे' असा अर्थ आला आणि तेथून नाटकाच्या रिहर्सलपर्यंत गाडी पोहोचली. ज्यांच्या घरी वखराच्या पाळ्या घातल्या जातात अशा आमच्या मुलांनी हा शब्द शहरी म्हणून मिरवावा आणि मी तो परका म्हणून खोडावा, यात गंमतच होती.

मग एकेक शब्द उलगडत गेलो. 'रोल' फ्रेंच. नटाचे संवाद ज्या कागदाच्या गुंडाळीवर लिहून देत, त्या गुंडाळीवरून भूमिकेला ते नाव पडले. 'सीन' फ्रेंचांमार्फत आला. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तंबू किंवा राहुटी. 'डायलॉग', 'ड्रेस', 'म्युझिक', 'डान्स', 'कलर', 'पोर्ट्रेट' हे सारे फ्रेंचांच्या अंगणातून इंग्रजीत आलेले. 'मॅटिनी'च्या पोटात फ्रेंच सकाळ आहे. 'सिनेमा' तर ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींबरोबर फ्रान्सहूनच उतरला. 'मेकअप' तेवढा इंग्रजांच्या घरचा निघाला. म्हणजे ज्या शब्दांना आपण इंग्रजी म्हणून कोणी डोक्यावर घेतो, कोणी पायदळी तुडवतो, ते इंग्रजांनीही उसनेच आणलेले आहेत.

हे असे का झाले? १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचे राज्य घेतले. त्यानंतर दोन-तीनशे वर्षे दरबाराची, न्यायाची आणि उमरावांच्या घरची भाषा फ्रेंच होती. शेतकरी, सुतार, गुराखी इंग्रजी बोलत. इंग्रजीने न्यायालयात चालावे यासाठी १३६२ मध्ये कायदा करावा लागला. तोवर कलेचा आश्रय दरबारात होता. गाणारा, चित्र काढणारा, कथा सांगणारा दरबाराच्या दारी जाई आणि तेथून शब्द घेऊन येई. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने इंग्रजीतून काव्य केले, ते फ्रेंच शब्दांनी गजबजलेले. पण त्यामुळे ते काव्य फ्रेंच ठरले नाही. इंग्रज त्याला आपल्या कवितेचा जनक मानतात.

आता आपल्याकडे पाहा. आपले हे सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, मराठवाडा आणि खानदेश यांच्या उंबऱ्यावर बसलेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्यावर निजामाचे राज्य होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्याच्याही आधी बहामनी, निजामशाही, मोगल या सर्व राजवटींत दरबारी भाषा फारसी. तेव्हा इंग्लंडात फ्रेंचचे जे झाले, तेच येथे फारसीचे झाले. मैफल, ख्याल, गझल, तबला, डफ, सनई, नगारा, तसबीर, नक्षी, पडदा हे शब्द त्या वाटेने आले. रंगमंचावर तर जागोजाग त्यांच्या खुणा आहेत. जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला पाठांतरासाठी त्याचे संवाद उतरवून देत, त्या कागदाला 'नक्कल' म्हणत. फ्रेंचांच्या 'रोल'चे आणि आपल्या अरबी 'नकले'चे काम अगदी एकच! 'तालीम' म्हणजे अरबीत शिक्षण. मराठीत आल्यावर ती पहिलवानांच्या आखाड्यात शिरली आणि नाटकवाल्यांच्या अंगणातही. मूळ भाषेत नसलेले हे दोन अर्थ मराठी माणसाने आपल्या घामाने त्या शब्दाला दिले. आणि 'दाद' म्हणजे फारसीत न्याय. कचेरीत आपण दाद मागतो, मैफलीत दाद देतो. कलावंताला दाद देणे म्हणजे त्याला न्याय देणे, हे एवढे मोठे तत्त्व आपण रोज सहज बोलून जातो.

सगळ्यांत बोलका शब्द 'शाहीर'. मूळ अरबीत त्याचा अर्थ कवी. मराठीत तो डफ घेऊन उभा राहणारा, पोवाडा गाणारा वीरकवी झाला. अफझलखानाच्या वधावर अगिनदासाने रचलेला पोवाडा आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांत सर्वांत जुना समजतात. तो गाणाऱ्यालाही आपण शाहीरच म्हणतो. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य स्वतःचे, तर त्याच्या कारभाराची भाषाही स्वतःची, हा त्यामागचा विचार योग्यच होता. पण शाहिराला कोणी 'वीरकाव्यगायक' केले नाही. करण्याची गरजही नव्हती. शाहीर तोवर घरचा झाला होता.

कोणी म्हणेल, मग भाषाशुद्धीची चळवळ निरर्थकच होती का? तसे मी म्हणणार नाही. 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक', 'मध्यंतर' हे शब्द सावरकरांच्या नावाशी जोडले जातात आणि आज त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. इंग्रजीतही असे प्रयत्न झाले. विल्यम बार्न्स नावाच्या कवीने एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफला 'सन-प्रिंट' म्हणावे असे सुचविले. ते कोणी ऐकले नाही. पण १८४६ मध्ये विल्यम थॉम्स याने घडवलेला 'फोकलोअर' हा अस्सल इंग्रजी धाटणीचा शब्द जगभर गेला. म्हणजे नवा शब्द घडवणे वाईट नाही आणि जुना उसना शब्द ठेवणेही वाईट नाही. शब्द टिकतो तो काम करणाऱ्यांच्या तोंडी बसला तर. 'दिग्दर्शक' बसला. माझा 'पूर्वाभ्यास' चार दिवसांत पुसला गेला, आणि तो मी नव्हे, पुढच्या सूचनेच्या खडूने पुसला.

या बाबतीत माधव ज्यूलियन यांचे उदाहरण मला फार विचार करायला लावते. फारसीचे हे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, मराठीत गझल रुजवली, १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि याच कवीने १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीचा कैवार घेतला. ज्याला परकी भाषा मनापासून येत होती, त्याने केलेला तो विचार होता; म्हणून त्याला वजन आहे. तरीही त्यांनी आणलेला 'गझल' हा शब्द मराठीतून गेला नाही. सुरेश भटांच्या हाती तो आणखी पक्का झाला.

आणखी एक उदाहरण देतो. १६६० मध्ये मोलिएरने फ्रेंचमध्ये एका संशयी नवऱ्याचे प्रहसन लिहिले. त्यात एका छोट्या चित्रावरून घोटाळा होतो. १७६१ मध्ये आर्थर मर्फीने त्याच धाग्यावर इंग्रजी नाटक रचले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये मराठी नाटक केले, ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पुढे १९१६ मध्ये तेच 'संगीत संशयकल्लोळ' होऊन आले आणि आजही रंगते. फ्रेंच कल्पना, इंग्रजी वाट, आणि मराठी नावात अरबी 'तसबीर'! यातला कोणता भाग परका म्हणून कापणार? फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचे भांडण पाहताना, हे पॅरिसचे आहे असे कोणाच्या मनात येते? देवलांनी ते मराठी घरात आणून बसवले. उसनवारी फिटली ती तेथे.

मग चिंता करावी असे काहीच नाही का? आहे. माझ्या मते दोन गोष्टींची चिंता करावी.

पहिली, न तपासता शब्द घेण्याची. आपल्याच तालुक्यात, फर्दापूरजवळ वाघूरच्या काठी अजिंठ्याची लेणी आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने ती पाहिली आणि मग इंग्रजीत त्यांच्याविषयी लिहिणे सुरू झाले. इंग्रजांनी तेथील चित्रांना 'फ्रेस्को' म्हटले. हा शब्द इटलीचा. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्याआधी रंग भरायचा, ही फ्रेस्कोची खरी पद्धत. अजिंठ्याच्या चित्रकारांनी मात्र माती, वनस्पतींचे तंतू, भुसा यांचा गिलावा देऊन त्यावर पांढरा पातळ हात फिरवला आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. ही वेगळी विद्या आहे. उसन्या शब्दाने ती झाकली गेली आणि आपणही सहलीच्या निबंधात बिनदिक्कत 'अजिंठ्याचे फ्रेस्को' लिहू लागलो. आपले 'भित्तिचित्र' येथे अधिक खरे आहे. शब्द परका म्हणून मी 'फ्रेस्को' नाकारत नाही. तो चुकीची माहिती देतो म्हणून नाकारतो.

दुसरी चिंता मोठी आहे. ती शब्दांच्या पंगतींची. इंग्लंडात फ्रेंच शब्द उमरावांचे आणि इंग्रजी शब्द राबणाऱ्यांचे, म्हणून 'आर्ट' वरच्या पाटावर बसली आणि घरचे 'क्राफ्ट' खालच्या. हात दोन्हीकडे तेच, पण एक आर्टिस्ट झाला, दुसरा नुसता कारागीर. आपल्याकडे 'कारागीर' हा शब्द फारसीचा आणि 'कलावंत' संस्कृतच्या घराण्यातला. येथे परका शब्द खाली बसला. यावरून एक गोष्ट उघड होते. शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या जन्मगावावर ठरत नाही. तो कोणाच्या तोंडी आहे आणि सत्ता कोणाच्या हाती आहे, त्यावर ठरते.

'तमाशा' हा शब्द तर या अन्यायाचा जिवंत पुरावा आहे. फारसीत त्याचा अर्थ पाहण्याजोगा देखावा, मौजेने पाहणे. त्यात कमीपणा काही नाही. मराठीत त्या नावाखाली गण, गवळण, लावणी, वग अशी संपन्न कला उभी राहिली. पठ्ठे बापूरावांसारखा प्रतिभावान तिच्यासाठी घरदार सोडून गेला. पण फडावर उभे राहणारे बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे, म्हणून शब्द शिवी झाला. स्वातंत्र्यानंतर त्याच कलेला 'लोकनाट्य' हे सोज्वळ नाव रूढ झाले, आणि जे सभ्य लोक तमाशाला तोंड लपवून जात ते लोकनाट्याची तिकिटे काढून सहकुटुंब जाऊ लागले. १९६५ मधले 'विच्छा माझी पुरी करा' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ते नाटक चांगले होते, प्रश्न त्याचा नाही. प्रश्न असा की नाव बदलल्यावर जी दाद मिळाली, ती राहुटीत रात्रभर वाजवणाऱ्या ढोलकीवाल्याच्या वाट्याला किती आली? आपण नाव धुतले, माणसाला तसेच ठेवले. आज तोच प्रकार इंग्रजीने चालला आहे. शहरात नाचतो तो आर्टिस्ट, गावात नाचतो तो नाच्या.

म्हणून मला वाटते, शब्द परका की घरचा हा वाद आपण नको इतका घालतो आणि खरा प्रश्न बाजूलाच राहतो. फ्रेंचांकडे पाहा. एके काळी सगळ्या युरोपला कलेचे शब्द उसने देणारी ती भाषा. तिने १९९४ मध्ये इंग्रजीपासून बचावासाठी कायदा केला. सावकारही कर्जदार होतो. भाषांच्या बाजारात हे चालायचेच. पण एका शब्दाने माणसाची मान उंचावते आणि दुसऱ्या शब्दाने त्याच माणसाची मान खाली जाते, हे मात्र चालू देता कामा नये.

शेवटी पुन्हा अजिंठ्याकडे येतो. तेथील तांबडा, पिवळा, हिरवट हे रंग माती-दगडांपासून केलेले आणि काळा काजळीचा. जो गर्द निळा रंग आपण पाहतो, त्याचा दगड मात्र आपल्याकडचा नाही. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आला. फारसीत त्याला 'लाजवर्द' म्हणतात. हाच शब्द अरबीतून जुन्या फ्रेंचमध्ये 'अझूर' झाला आणि तेथून इंग्रजीत 'अ‍ॅझ्युअर' होऊन कवींच्या आकाशात पसरला. म्हणजे इंग्रजीने फ्रेंचांकडून घेतलेल्या त्या निळ्या शब्दाचा दगड दीड हजार वर्षांपूर्वीच आपल्या तालुक्यात येऊन भिंतीवर लागला होता! तो निळा परका म्हणून अजिंठा परका आहे, असे अजून तरी कोणी म्हटलेले नाही. ज्या हातांनी तो कालवला आणि जागेवर लावला, ते हात येथले होते.

मित्राची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली. तो आला, ढोलकी उचलली आणि काहीच घडले नाही अशा थाटात वाजवू लागला. कार्यक्रमपत्रिकेत आम्ही 'लोकनाट्य' असे छापायला दिले होते. त्याला विचारले, तेव्हा म्हणाला, "तमाशा लिही. आजोबांना वाचून दाखवायचंय." तसेच छापले. मुलांनी पत्रिका पाहून प्रथम खुदुखुदु हसून घेतले, पण वग सुरू झाल्यावर हसायचे तेथेच हसले, आणि ढोलकीच्या तुकड्यावर जी दाद दिली ती मनापासून दिली.

यंदाही फलकावर सूचना लागली आहे. कोणी 'तालीम' लिहितो, कोणी 'रिहर्सल'. मी खडू हातात घेतलेला नाही. चार वाजता सगळे वेळेवर आले म्हणजे झाले.